पॅच लावणे आणि पॅच काढणे : सर्व्हरच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात आपण प्रोसेस, मेमरी, फाइल सिस्टिम हे सगळे सविस्तर शिकतो. पॅच हा विषय मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपतो. पुढे तुम्ही एखाद्या बँकेच्या किंवा आयटी सेवा कंपनीच्या सर्व्हर विभागात रुजू झालात की सुरुवातीलाच हातात पडणाऱ्या कामांपैकी हे एक असते : शनिवारी रात्री ठरलेल्या दोन तासांत चाळीस सर्व्हरवर पॅच टाकायचे, आणि काही बिघडलेच तर सोमवार उजाडण्याआधी सगळे पूर्ववत करायचे.

या वाक्याच्या पहिल्या भागाबद्दल सगळे प्रश्न विचारतात. 'पूर्ववत करायचे' हा दुसरा भाग इतका साधा वाटतो की त्यावर कोणी थांबत नाही. या पाठात आपण पॅचचा इतिहास याच दुसऱ्या भागाकडून पाहणार आहोत. मुद्दा सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पॅच काढणे हा चालू यंत्रात केलेला आणखी एक बदल असतो. लावण्याआधी जशी चाचणी लागते तशीच काढण्याआधीही लागते. हे ज्यांनी गृहीत धरले नाही, त्यांनी मोठी किंमत मोजली आहे.

१. कागदावरचे ठिगळ

पॅच म्हणजे ठिगळ. संगणकशास्त्रात हा शब्द सुरुवातीला शब्दशः खरा होता. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या मार्क-१ या यंत्राला सूचना दिल्या जात त्या कागदी टेपवर पाडलेल्या छिद्रांतून. टेपवर २४ रांगा असत. छिद्र आहे की नाही यावरून सूचना ठरे. एखादे छिद्र चुकले तर ते कागदाचा तुकडा चिकटवून बुजवत. चूक मोठी असेल तर टेपचा तेवढा भाग कापून नवा जोडत. अशी ठिगळे लावलेली मार्क-१ची टेप अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेली आहे.

या पद्धतीत एक गुण होता, तो नंतर हरवला. ठिगळ डोळ्यांना दिसत असे. कोणत्या जागी दुरुस्ती झाली हे टेप हातात घेतली की कळे, आणि चिकटवलेला तुकडा सोडवला की खालचे मूळ छिद्र पुन्हा मिळे. प्रोग्रॅम मॅग्नेटिक टेपवर आणि डिस्कवर गेल्यावर दुरुस्ती अदृश्य झाली. मग दोन प्रश्न उभे राहिले : या यंत्रावर नेमके काय बदलले आहे, आणि बदलण्यापूर्वीचे कुठे ठेवले आहे? पुढची सगळी साधने याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधत घडली.

२. मेनफ्रेम : आधी पडताळा, मग बदला

एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहिलेली ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम त्या काळातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअरपैकी एक होती. तिच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवले : एक दोष दुरुस्त करताना दुसरा नवा दोष शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. म्हणजे दुरुस्ती हीच बिघाडाचे कारण होऊ शकते, ही जाणीव या क्षेत्राला सुरुवातीपासून होती.

त्या काळात मशीन कोडमध्ये थेट बदल करण्यासाठी आयबीएमचे 'सुपरझॅप' नावाने ओळखले जाणारे साधन वापरत. त्याच्या दोन आज्ञा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 'व्हेर' सांगते की अमुक पत्त्यावर आत्ता अमुक बाइट असायला हवेत. 'रेप' सांगते की त्या जागी आता हे नवे बाइट लिहा. व्हेरची पडताळणी चुकली तर रेप होतच नाही. तुम्ही समजता तोच कोड तिथे नसेल, म्हणजे आधीच कोणीतरी दुसरे ठिगळ लावले असेल, तर साधन काम थांबवते. काढायचे असेल तर दोन्ही आज्ञांमधील बाइटची अदलाबदल करायची. आत्ता तिथे पॅच आहे का हे पाहायचे, असेल तरच जुने बाइट परत लिहायचे. काढतानाही आधी पडताळणी करायची, ही शिस्त इतक्या जुन्या साधनात होती.

३. 'लावणे' आणि 'स्वीकारणे' यांतील अंतर

दुरुस्त्यांची संख्या वाढली तेव्हा हाताने हिशेब ठेवणे अशक्य झाले. १९७०च्या दशकात आयबीएमने एसएमपी हे व्यवस्थापन साधन आणले. त्याचा पुढचा अवतार एसएमपी/ई आजही बँकांच्या मेनफ्रेमवर चालतो. आयबीएमकडून येणाऱ्या दुरुस्तीला पीटीएफ म्हणतात. त्यातील 'टी' म्हणजे टेम्पररी, तात्पुरती. खरी दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल असा त्यामागचा अर्थ.

एसएमपीची मांडणी नीट समजून घ्या, कारण पुढच्या अनेक प्रणालींत तीच कल्पना दिसते. यात सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असतात. एक चालती प्रत, जी यंत्र प्रत्यक्ष वापरते. दुसरी मूळ प्रत, जी बाजूला ठेवलेली असते. काम चार आज्ञांत चालते :

- रिसीव्ह : पीटीएफ ताब्यात घ्या. यंत्रात अजून काहीच बदलत नाही.
- अप्लाय : दुरुस्ती चालत्या प्रतीत लावा. मूळ प्रत जुनीच राहते.
- रिस्टोअर : पटले नाही तर मूळ प्रतीतून चालती प्रत पुन्हा भरा.
- अ‍ॅक्सेप्ट : काही आठवडे नीट चालले की दुरुस्ती मूळ प्रतीतही लावा. यानंतर रिस्टोअर करता येत नाही.

अप्लाय आणि अ‍ॅक्सेप्ट यांच्यामधला काळ हाच विचार करण्याचा काळ. अ‍ॅक्सेप्ट करणे म्हणजे परतीचे दोर कापणे. ते कधी कापायचे हे यंत्र ठरवत नाही. तो निर्णय माणसाने घ्यायचा असतो.

या मांडणीची एक अडचणही आहे. समजा एकाच मॉड्यूलवर तीन पीटीएफ एकामागून एक लावले आणि एकही स्वीकारला नाही. आता फक्त मधला काढायचा आहे. मूळ प्रतीत तर तिन्हींच्या आधीचे मॉड्यूल आहे. म्हणून त्या मॉड्यूलवरचे बाकीचेही सोबत काढावे लागतात. एकावर एक शिवलेल्या ठिगळांपैकी मधलेच उसवता येत नाही, तसेच हे. त्यामुळे एसएमपीत प्रत्येक पीटीएफसोबत त्याचे नातेसंबंध लिहिलेले असतात : कोणता आधी हवा, कोणता सोबत हवा, कोणत्या जुन्याची जागा हा घेतो. सदोष निघालेल्या पीटीएफची माहितीही आयबीएम ग्राहकांना वेगळी पाठवते, म्हणजे तो लावण्याच्या आतच रोखता येतो.

४. युनिक्स : उलटा वाचता येणारा पॅच

बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकइलरॉय यांच्या कामातून 'डिफ' हा प्रोग्रॅम १९७०च्या दशकाच्या मध्यात तयार झाला. तो दोन फाइलींतला फरक ओळीओळीने दाखवतो. मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. पर्ल भाषेचे जनक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले हेच वॉल. डिफने लिहिलेला फरक घ्यायचा आणि जुन्या फाइलीवर चढवायचा, एवढेच त्याचे काम. फरकात जुन्या आणि नव्या दोन्ही ओळी असल्याने तोच पॅच उलटा चालवून काढताही येतो. आजूबाजूच्या ओळी पाहून तो जागा शोधतो, म्हणून फाइल थोडी बदललेली असली तरी काम होते. ही सोय सोर्स कोडसाठी होती.

कंपन्यांच्या सर्व्हरवर मात्र सोर्स नसे, तयार बायनरी फाइली असत. तिथे जुनी फाइल जपून ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. सनच्या सोलारिस प्रणालीत प्रत्येक पॅचला सहा अंकी क्रमांक आणि पुढे दोन अंकी आवृत्ती असे. सोलारिस २.६ पासून 'पॅचअ‍ॅड' आणि 'पॅचआरएम' या आज्ञा प्रणालीचाच भाग झाल्या. पॅचअ‍ॅड बदलणाऱ्या फाइलींची जुनी प्रत 'व्हार' विभागात साठवी. पॅचआरएम ती परत ठेवी. ज्या पॅचवर दुसरा पॅच अवलंबून आहे तो काढायला पॅचआरएम नकार देई.

या साठवणीला डिस्क लागे, आणि त्या काळी डिस्क महाग होती. पॅचअ‍ॅडला एक पर्याय देऊन जुनी प्रत साठवणे टाळता येत असे. जागा वाचे, पण तो पॅच पुढे कधीच काढता येत नसे. आयबीएमच्या एआयएक्समध्ये 'अप्लाय', 'कमिट' आणि 'रिजेक्ट' अशा आज्ञा आहेत. एचपी-यूएक्समध्येही पॅच 'कमिट' केला की साठवलेल्या जुन्या फाइली पुसल्या जातात. कंपन्या वेगवेगळ्या, पण मांडणी एकच : परतीच्या वाटेला जागा लागते, आणि जागा मोकळी केली की वाट बंद होते. डिस्क भरली म्हणून घाईने 'कमिट' करणारा तंत्रज्ञ खरे तर परत फिरण्याचा हक्क सोडून देत असतो.

५. थांबावे की घाई करावी?

इंटरनेट आल्यावर पॅच न लावण्यालाही किंमत आली. २००२ साली स्टीव्ह बीटी आणि सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात नेमका प्रश्न घेतला : सुरक्षेचा पॅच केव्हा लावावा? लगेच लावला तर पॅचच सदोष निघण्याचा धोका. उशीर केला तर हल्ल्याचा. पॅच आल्यानंतर १० आणि ३० दिवस हे लावण्यासाठी योग्य टप्पे ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढच्याच जानेवारीत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील एका दोषाचा पॅच २४ जुलै २००२ रोजी आला होता. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' हा वर्म त्याच दोषातून पसरला. भारतात त्या शनिवारी सकाळचे अकरा वाजत होते. धोक्यात असलेल्या संगणकांपैकी सुमारे ९० टक्के दहा मिनिटांत बाधित झाले. बाधितांची संख्या किमान ७५ हजार होती. सहा महिने हातात असलेला पॅच हजारो ठिकाणी लागलेला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देण्याचा नियम केला, म्हणजे तंत्रज्ञांना चाचणी आणि डाउनटाइम आधीच आखता येईल.

लवकर लावायचे असेल तर लवकर काढताही आले पाहिजे. परतीची वाट खात्रीची असेल तोच गट निर्धास्तपणे घाई करू शकतो. म्हणून काढण्याचा विचार हा सुरक्षेचाही विचार आहे.

६. २०१२ : काढताना झालेले दोन अपघात

पॅच काढणे म्हणजे जुन्या स्थितीत परतणे, हा समज किती महाग पडतो हे २०१२च्या उन्हाळ्यातील दोन घटनांवरून कळते.

पहिली ब्रिटनमधली. रविवार १७ जून २०१२ रोजी आरबीएस बँकसमूहाने ग्राहकांच्या खात्यांची रात्रीची कामे चालवणारे सॉफ्टवेअर अद्ययावत केले. काही अडचणी दिसल्या, म्हणून ते काढून जुनी आवृत्ती परत आणायचे ठरले. काढण्याचे परिणाम मात्र आधी तपासले नाहीत. नवी आणि जुनी आवृत्ती परस्परांशी सुसंगत नव्हत्या, आणि रात्रीची कामे कोलमडली. ब्रिटनमधील ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली. शिल्लक चुकीची दिसत होती, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर जात नव्हते, परदेशी गेलेल्यांच्या हाती रोकड नव्हती, काही संस्थांना पगार करता आले नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामक संस्थांनी मिळून बँकसमूहाला ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला. इथे नव्या सॉफ्टवेअरच्या अडचणीपेक्षा ते काढण्याची कृती अधिक घातक ठरली.

दुसरी घटना अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीची. १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात सुरू होणाऱ्या एका योजनेसाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता. तो सातच सर्व्हरवर गेला. आठवा राहिला, आणि दुसऱ्या कोणी ते तपासून पाहिले नाही. नव्या कोडने एक जुना फ्लॅग नव्या अर्थाने वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड जागा झाला आणि एकामागून एक ऑर्डर पाठवू लागला.

आता पुढचे पाऊल नीट पाहा. गोंधळ थांबवण्यासाठी तंत्रज्ञांनी नव्या कोडवर संशय घेतला आणि उरलेल्या सात सर्व्हरवरून तो काढून टाकला. पण बाहेरून येणाऱ्या ऑर्डरमध्ये फ्लॅग नव्या अर्थानेच येत होता. त्यामुळे आधी एका सर्व्हरवर जे होत होते ते आठही सर्व्हरवर होऊ लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढच्या वर्षी ती गेटको या कंपनीत विलीन झाली.

दोन्ही घटनांत जुना कोड परत आला, पण भोवतालचे जग जुने राहिलेले नव्हते. आरबीएसमध्ये मधल्या काळात नव्या आवृत्तीने काम केलेले होते. नाइटमध्ये येणाऱ्या संदेशाचा अर्थ बदललेला होता. फाइली मागे नेता येतात. त्या फाइलींनी दरम्यान लिहिलेला डेटा आणि इतरांशी केलेला व्यवहार आपोआप मागे जात नाही.

७. रीबूटशिवाय दुरुस्ती, आणि तिची मर्यादा

कर्नलचा पॅच लावायचा तर सर्व्हर रीबूट करावा लागतो, म्हणून पॅच पुढे ढकलले जातात. एमआयटीचा विद्यार्थी जेफ अर्नोल्ड एक सर्व्हर सांभाळत असताना वापरकर्त्यांची गैरसोय नको म्हणून पॅच आठवड्याच्या शेवटावर टाकला गेला, आणि तोवर सर्व्हरमध्ये शिरकाव झाला. यातून त्याने 'केस्प्लाइस' तयार केले. ते चालू लिनक्स कर्नलमध्येच जुन्या फंक्शनकडून नव्याकडे उडी बसवते. ही कंपनी २०११ मध्ये ओरॅकलने घेतली. रेड हॅट आणि सुसे यांनीही अशीच साधने केली, आणि एप्रिल २०१५ मधील लिनक्स ४.० पासून याचा पाया मूळ कर्नलमध्येच आला.

केस्प्लाइसच्या चाचणीत मे २००५ ते मे २००८ या काळातील ६४ सुरक्षा पॅच घेतले होते. त्यांपैकी ५६ नवा कोड न लिहिता चालत्या कर्नलवर चढले. उरलेले आठ अडले, कारण त्यांत मेमरीत आधीपासून असलेल्या डेटाचा अर्थ बदलत होता. पुन्हा तोच धडा : कोड बदलणे सोपे, डेटा अवघड.

आज अनेक ठिकाणी चालत्या सर्व्हरला ठिगळ लावण्याऐवजी नवी तयार इमेज उभी करून वाहतूक तिच्याकडे वळवतात. सोलारिस ११ मध्ये झेडएफएसच्या आधाराने जुनी प्रणाली जशीच्या तशी ठेवून तिच्यातून पुन्हा बूट करता येते. परतीची वाट यामुळे रुंद झाली आहे. तरीही डेटाबेसचा स्कीमा बदलला असेल, तर जुनी इमेज नव्या डेटासमोर उभी राहतेच.

८. १९ जुलै २०२४

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक सदोष अपडेट पाठवले. ७८ मिनिटांत, १०.५७ वाजता, ते मागेही घेतले. पण ज्या यंत्रांनी ते घेतले होते ती बूटच होत नव्हती, मग मागे घेतल्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचणार कशी? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे बाधित झाली. बहुतेक ठिकाणी माणसाने यंत्रासमोर बसून सेफ मोडमध्ये एक फाइल पुसावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते अनेकांनी पाहिले आहेत. परतीची वाट होती, पण ती सुरू असलेल्या यंत्रातूनच जात होती.

९. या इतिहासातून आपल्या कामासाठी

भारतात रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या सायबर सुरक्षा परिपत्रकात बँकांसाठी पॅच आणि बदल व्यवस्थापन हे मूलभूत नियंत्रणांत धरले आहे. तुमच्या चेंज रिक्वेस्टमध्ये 'रोलबॅक प्लॅन' असा रकाना असेलच. तिथे 'पॅच अनइन्स्टॉल करणे' एवढेच लिहून पुढे जाऊ नका. चार प्रश्नांची उत्तरे लिहा :

१. सर्व यंत्रांवर आत्ता नेमके काय आहे? ते कोणी दुसऱ्याने पडताळले आहे का?
२. जुनी प्रत कुठे आहे, आणि ती कोणत्या क्षणी नष्ट होईल?
३. पॅच लागल्यानंतर कोणता डेटा किंवा संदेश नव्या पद्धतीने लिहिला जाईल? जुना कोड तो वाचू शकेल का?
४. यंत्र सुरूच झाले नाही तर परतीची वाट कुठून आहे? ती चाचणी सर्व्हरवर चालून पाहिली आहे का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या शनिवारी पॅच न लावण्याची शिफारस करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तुम्ही नवखे असलात तरी आहे.

स्वाध्याय

१. एसएमपीमधील अप्लाय आणि अ‍ॅक्सेप्ट यांतील फरक स्पष्ट करा. एआयएक्समधील कोणत्या आज्ञा त्यांच्याशी जुळतात?
२. नाइट कॅपिटलच्या तंत्रज्ञांनी कोड काढण्याऐवजी कोणते पाऊल उचलायला हवे होते? कारणासह लिहा.
३. प्रयोगशाळेतील एका लिनक्स यंत्रावर एखादे पॅकेज अद्ययावत करा, त्यात काही डेटा लिहा आणि मग जुनी आवृत्ती परत आणा. काय टिकले आणि काय बिघडले याची नोंद करा.